चौघांपुरता कागद

पहिल्याच दिवशी ती नखशिखान्त भिजून ऑफिसात शिरली आणि समोर जो उंच दांडा दिसला, त्यावर तिने रेनकोट अडकवला.

"अहो... अहो बाई! ती खुंटी नाही," टेबलामागून कुणीतरी ओरडलं, "ती दहा मजल्यांची लिफ्ट आहे!"

दांडा ड्रॉइंग बोर्डाचा होता, आणि रेनकोटाचं पाणी थेट बोर्डावरच्या आराखड्यावर टपकत होतं. कानामागे पेन्सिल खोचलेला एक तरुण धावत आला आणि रुमालाने एकेक मजला टिपू लागला. ती शरमेने अर्धी झाली.

"फार नुकसान झालं का हो?"

"सहाव्या मजल्यापर्यंत ठीक आहे. वरच्यांनी जिन्याने जावं," तो म्हणाला आणि त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीचं ते जुनं ड्रॉइंग ऑफिस. भिंतींना ओल आलेली, दिवसाही दिवे लावावे लागायचे. तिथले सगळे आराखडे कंपनीच्या इंट्रानेटवर चढवायचे, म्हणजे कुठल्याही शहरातल्या कंपनीच्या माणसाला ते आपल्या स्क्रीनवर मिळतील, यासाठी मुख्य कार्यालयाने तिला धाडलं होतं. आठवडाभरात ती 'इंट्रानेटबाई' झाली. त्या तरुणाला तर सगळे 'पेन्सिल'च म्हणत.

काम म्हणजे गोंधळात गोंधळ. हाताने काढून स्कॅन केलेले एकाच लिफ्टचे आराखडे वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर – 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'खरंच अंतिम', 'हाच वापरा'. त्यातला खरा कुठला, देव जाणे! तिने नियम केला: एक आराखडा, एकच जागा, आणि तो बरोबर ठेवायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर. नावाची गोष्ट निघाली की सगळे कानांवर हात ठेवत. सर्वांत जुने आरेखक म्हणजे काका. ते तर खणाची किल्ली खिशातून काढायलाच तयार नव्हते.

"मागेल त्याला मी देतोच की कागद. तुझ्या त्या जाळ्यात कशाला टाकायचे, पोरी?"

मग एकदा दूरच्या शहरात एक लिफ्ट मधेच अडकली, आत माणसं, मेकॅनिकला आराखडा हवा, आणि काका तापाने घरी. बरे होऊन आल्यावर त्यांनी मुकाट्याने खण उघडला. पेन्सिलने मात्र आपले सगळे आराखडे तिला आधीच देऊन टाकले होते, वर स्वतःचं नाव ठसठशीत लावून.

"माझ्या कामात चूक सापडली की सांगत जा," तो म्हणे.

"सापडत नाही ना!"

"मग मुद्दाम करतो एखादी. त्याशिवाय तू काही माझ्या टेबलाशी फिरकायची नाहीस."

"लिफ्टच्या आराखड्यात चूक? वेडा की काय! माणसं पडतील."

"एक पडलाय..." तो हळूच म्हणाला, आणि ती उगाचच कीबोर्ड पुसत बसली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं होतं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

कुणाला कुठला कागद दिसावा हे तीच ठरवून देई, म्हणून तिला सगळंच दिसे. एका कुंद सकाळी मोठ्या साहेबांनी एक कागद धाडला. वर फोन केला, "हा चौघांनाच दिसला पाहिजे. एक तारखेला सर्वांना खुला कर. तोवर तोंडातून ब्र काढायचा नाही."

तिने 'नाही काढणार' असा शब्द दिला आणि कागद वाचला. सर्व आराखडे इंट्रानेटवर आल्यामुळे या कार्यालयाची गरज उरलेली नाही. कार्यालय बंद. माणसांना घरी पाठवणार.

इतके दिवस जीव तोडून केलेलं काम शेवटी या माणसांच्या मुळावर आलं होतं. तिला जेवण गेलं नाही.

त्याच संध्याकाळी तो छत्री घेऊन दारात थांबला होता.

"मला एका लांबच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. उद्यापर्यंत कळवायचंय. मी नाही म्हणणार आहे."

"का?"

"आईलाही हाच प्रश्न पडलाय," तो हसला. "तिला सांगितलं, एक कारण आहे. पहिल्याच दिवशी माझ्या लिफ्टवर पाणी ओतलेलं..."

हेच ऐकण्यासाठी ती किती दिवस कान टवकारून बसली होती! पण हाताने आराखडे काढणाऱ्याला आता बाहेर कोण विचारतं? ही चालून आलेली नोकरी नाकारली, तर महिनाभरात तो आईसकट रस्त्यावर येणार होता. आणि सांगावं तर दिलेला शब्द मोडतो...

"जा तू," ती म्हणाली.

"काय?"

"ती नोकरी घे. माझ्यासाठी थांबू नकोस."

"कारण?"

"सांगता येत नाही."

त्याचा चेहरा उतरला. "दुसरं कुणी आहे का?"

ती गप्प राहिली. त्याने त्या गप्प राहण्याचा काय तो अर्थ घेतला, छत्री तिच्या हातात दिली आणि पावसात निघून गेला. तो नव्या नोकरीवर गेल्यावर इंट्रानेटवरचं त्याचं खातंही नियमाप्रमाणे तिनेच बंद केलं.

एक तारखेला तिने तो कागद सर्वांसाठी खुला केला. हळूहळू एकेका टेबलावरचं बोलणं थांबलं. काका उठून तिच्यापाशी आले.

"तुला ठाऊक होतं?"

"हो, काका."

ते चिडतील असं तिला वाटलं. पण "पेन्सिल जाताना सांगून गेला होता, तूच त्याला जा म्हणालीस. म्हणजे त्याला वाचवलंस तर," असं म्हणून त्यांनी फोन लावला, त्याला चार वाक्यांत सगळं सांगितलं आणि फोन तिच्या हातात कोंबला.

"कधीपासून माहीत होतं तुला?" पलीकडे यंत्रांची घरघर होती.

"तू थांबतो म्हणालास ना... त्या दिवशी सकाळपासून."

"मी रोज शिव्या घातल्या गं तुला."

"चांगलं केलंस."

"म्हणजे दुसरं कुणी नव्हतं?"

"नव्हतं. नाहीये. तूच हवा होतास मला."

"मग मला विचारायचं तरी होतंस!"

"विचारणं म्हणजे सांगणंच झालं असतं."



"आता तुझं काय?"

"दुसरं ऑफिस. तिथलेही कागद चढवायचेत."

"मला दोन वर्षं इथून हलता येणार नाही. लिहून दिलंय. आणि कोणत्या तोंडाने म्हणू तुला, की—"

"म्हणू नकोस," ती म्हणाली. "मी थांबणारच आहे."

सगळं ऑफिस तिच्याकडे बघत होतं. तिने डोळे पुसले नाहीत.