दुसरा कपॅसिटर

खरं तर त्याला वरच्या मजल्यावर जायचं होतं. बेल चुकली, दार उघडलं आणि समोरची मुलगी त्याच्या हातातली हत्यारांची पेटी पाहून म्हणाली, "टीव्हीवाले? आम्ही बोलावलं नव्हतं... पण आलाच आहात तर आमचाही बघून जा."

टीव्ही सुरू व्हायचा, चित्र आता येईल असं वाटायचं आणि टक्! पुन्हा स्टँडबायचा लाल दिवा. त्याने मागचं झाकण काढलं. ती टॉर्च धरून शेजारी बसली – इतकी शेजारी, की स्क्रू दोनदा हातून निसटला.

"सारखा स्क्रू पडतोय तुमच्या हातून. शॉक बसला का?"

"बसला बहुतेक..." असं म्हणून गडी कानापर्यंत लाल झाला.

बोर्डावरचे दोन कपॅसिटर फुगून खराब झाले होते. त्याने एकच बदलला. दुसरा चार-आठ दिवस तग धरेल, मग ती बोलावेलच... एवढाच बेत. आजवर कधी काम अर्धवट सोडलं नव्हतं, आणि आज ते सोडून, वरच्या मजल्यावरचं काम उरकून, शीळ घालत जिना उतरला!

आठवड्याने तिचा फोन आला. ठेवणीतला शर्ट घालून स्वारी हजर. पण दार उघडलं तिच्या आईने. काकूंना ऐकू कमी यायचं. पडद्यावर खाली उमटणाऱ्या ओळी वाचत त्या मालिका बघायच्या. दिवसभर घरात एकट्या, तेवढीच सोबत.

"माझंच चुकलं हो," त्या हळूच म्हणाल्या. "भलतंच बटण दाबलं असणार मी. पोरीला सांगू नका. तीन दिवस रिमोटला हातसुद्धा लावला नाही."

रिमोट त्यांनी रुमालात गुंडाळून कपाटावर ठेवला होता. ते पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने निमूट दुसरा कपॅसिटर बदलला.

मुलगी कामावरून आली तेव्हा तो खात्री करत तिथेच थांबला होता; टीव्ही तासभर बिनतक्रार चालू होता. "या खेपेला पक्कं केलंत ना? की पुन्हा यायचा विचार आहे?" ती हसली.

गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण रुमालातला रिमोट काही डोळ्यांपुढून हलेना.

"दोन खराब होते," तो मान खाली घालून म्हणाला. "मी एकच बदलला. मुद्दाम. आणि काकू मात्र स्वतःला दोष देत बसल्या..."

तिचं हसू मावळलं. "मला काय सांगता? आईला सांगा. जोरात सांगा, तिला ऐकू येत नाही."

"काकू, तुमचं काही चुकलं नाही!" तो ओरडला. "मीच काम अर्धवट सोडलं!"

"का?" काकूंनी कानामागे हात धरला.

"पुन्हा येता यावं म्हणून!"

"कशाला?"

त्याने डोळे मिटून घेतले. "तुमची मुलगी आवडली म्हणून!"

वरच्या मजल्यावरचं दार करकरलं. कुणीतरी खोकलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

काकूंनी सावकाश कपाटावरून रिमोट काढला, रुमाल सोडला आणि आपल्या हाताने टीव्ही बंद करून पुन्हा लावला. चित्र आलं, टिकलं. त्यांचा चेहरा केवढा उजळला!

ती त्याला दारापर्यंत सोडायला आली. "राग गेलेला नाही माझा."

"जाऊही नये..." तो पुटपुटला आणि पेटी उचलून जिन्याकडे वळला.

तीन पायऱ्या उतरला असेल, तेवढ्यात मागून आवाज आला. "रविवारी या. आईच्या शेजारी बसून तिची मालिका बघायची, पूर्ण. आणि हो – ती पेटी आणू नका."