प्रियांकाच्या गाडीचा पिवळा दिवा

चौके गावाच्या अलीकडच्या वळणावर प्रियांकाच्या गाडीत एक पिवळा दिवा पेटला आणि तिने त्याच्याकडे साफ काणाडोळा केला. दिवसभर कुडाळच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासून आलेल्या बाईला दिव्याबिव्याचं कौतुक उरत नाही. पण पुढच्या चढावर गाडी धापा टाकायला लागली, मागून निळसर धूर निघाला, तेव्हा तिने मुकाट्याने समोर दिसलेल्या पहिल्या गॅरेजात गाडी घातली. बाहेर भाद्रपदातली भुरभुर चालू होती. शेडच्या पत्र्यावर पाऊस हलकेच वाजत होता, आणि आत एक तरुण रिक्षाच्या इंजिनाशी काहीतरी लाडीगोडीने बोलत होता.

"अहो, जरा बघता का? दिवा लागलाय," प्रियांका म्हणाली. पेशंटांशी शुद्ध बोलून बोलून तिची जीभ संध्याकाळपर्यंत तशीच राहायची.

"खयचो दिवो?"

"पिवळा."

"पिवळो म्हणजे घाबरूचा नाय. लाल असतो तर मी धावत इलो असतंय," तो वळून हसला.

नाकावर ग्रीसचा पट्टा, केसांत पावसाचे थेंब, आणि हसू असं की... प्रियांकाने घाईघाईने गाडीकडे पाहिलं. म्हणजे दिवा कुठे आहे ते दाखवायला हवं होतं ना!

त्याचं नाव रविराज. गोव्यातल्या एका मोठ्या गॅरेजात काही वर्षं काढून तो चौक्याला परतला होता, आणि येताना गाडीचा आजार वाचणारं एक यंत्र घेऊन आला होता. त्या भागात तसलं यंत्र तेव्हा दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं. प्रियांकाची गाडीही तशी वेगळीच. शेजारच्या पेद्रूने इंग्लंडहून परतताना ती सोबत आणली आणि दहा वर्षांची झाल्यावर प्रियांकाच्या वडिलांना विकली. रविराजने यंत्राची वायर स्टिअरिंगखाली खोचली. पडद्यावर अक्षरं उमटली.

"पी शून्य चारशे वीस," त्याने वाचलं.

"चारसोवीस? कोण, मी?"

"तुमी नाय हो! गाडयेचो डबो."

मग त्याने नीट समजावलं. इंजिन आणि सायलेन्सरच्या मध्ये एक डबा असतो, आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं. धुरातलं विष तिथे जळून जातं. डब्याच्या पुढे एक सेन्सर, मागे एक. मागचा सेन्सर आता चहाडी करत होता की डबा काम करत नाही.

"मग बदला डबा."

"बघूया," रविराज म्हणाला.

हे 'बघूया' चौके पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. भंगारात जायच्या लायकीची रिक्षा आली तरी रविराज मालकाला 'बघूया' म्हणायचा. वाईट बातमी द्यायची वेळ आली की त्याच्या तोंडात खडीसाखर विरघळल्यासारखं व्हायचं. यंत्रांपुढे वाघ, माणसांपुढे कोकरू. प्रियांकाला हे त्या संध्याकाळी माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं की त्याने यंत्रातून तो बिघाडाचा कोड पुसला, दिवा विझला, आणि घरी मालवणात पोचेपर्यंत ती स्वतःशीच गुणगुणत होती.

आठवडाभराने दिवा परत पेटला. प्रियांकाला राग यायला हवा होता. तिने आरशात पाहून केस सारखे केले.

"दिवो परत इलो?" रविराजने विचारलं, तेही जरा जास्तच आनंदाने.

"परत इलो," ती म्हणाली, आणि तिचं शुद्ध मराठी तिथेच गळून पडलं. "डबो बदलूक नको काय?"

"कोड म्हणजे ताप गो. ताप इलो म्हणान कोण माणूस बदलता? कारण शोधूक होया."

हे वाक्य प्रियांकाला फारच आवडलं. लॅबवालीला आवडणारच. त्या शनिवारी त्याने सायलेन्सरच्या जोडाला कुठे फट आहे का पाहिलं. फट नव्हती. पुढच्या खेपेस मागचा सेन्सर तपासला. सेन्सर खरं बोलत होता. दर खेपेला आल्याचा चहा व्हायचा, आणि चहा संपला तरी पाऊस संपायचा नाही... निदान दोघांनाही तसंच वाटायचं.

"तुझी गाडी बरी झाली तर माझा कसा होतला?" एकदा तो इंजिनात डोकं घालून म्हणाला.

"काय म्हटलंस?"

"पाना दी म्हटलंय, दहा नंबरचो."

तिने पाना दिला. बोटांना बोटं लागली, आणि दोघेही काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने इंजिनाकडे बघत राहिले.

शेवटी त्याने स्पार्क प्लग काढले. प्लग काळे आणि तेलकट निघाले. इंजिनातलं तेल मोजलं, तर ते जिथल्या तिथे. रविराज बुचकळ्यात पडला. इंजिन तेल पीत नाही, मग हे तेल आलं कुठून? त्याने पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला, आणि त्याचा चेहरा पडला.

"पेट्रोल खंय भरतंस?"

"मी खंय भरतंय! आयतवारी बाबा भरतत. घरच्या कॅनातून."

बोलता बोलताच तिला उमगलं. ती गाबताची, म्हणजे मासेमाऱ्याची मुलगी. होडीच्या आउटबोर्ड मशिनाच्या पेट्रोलात तेल मिसळावं लागतं, हे तिला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. तिचे वडील लवू तांडेल दर रविवारी होडीसाठी कॅन तयार करायचे, आणि त्याच कॅनमधून लेकीच्या गाडीत प्रेमाने ओतायचे. मोटारीच्या पेट्रोलात ते तेल म्हणजे डब्याला विष! चहाडखोर सेन्सर बिचारा महिनाभर हेच सांगत होता.

आता लवू तांडेल म्हणजे कोण, ते सांगायला हवं. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर कुणाचंही मशीन बंद पडलं की ते लवूच्या अंगणात यायचं. 'तेल म्हणजे इंजिनाचो जीव' हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आणि 'तुझा चुकला' हे वाक्य त्यांना आजवर एकाच माणसाने ऐकवलं होतं, त्यांच्या मेव्हण्याने, बाळाने. नांगराच्या दोरीची गाठ चुकली, एवढंच तो म्हणाला होता. तेव्हापासून बाळाला त्या घरात पाणीसुद्धा विचारलं जात नव्हतं.

"बाबांका सांगूक होया," प्रियांका म्हणाली.

"बघूया..."

"काय बघूया?"

"नाय म्हणजे... डबोच काढून टाकतंय नि साधो पाइप लावतंय. सेन्सरची वायरय फिरवून टाकतंय. दिवो गेलो, बापूस खूश, तू खूश."

"आणि धूर?"

"धूर मागच्यांका."

प्रियांका ताडकन उठली. "लॅबात कोणाची साखर वाढलेली दिसली तर मी 'बघूया' म्हणतंय? की रिपोर्टार दुसरोच आकडो लिवतंय?"

"तुझ्या बापाशीक मी सांगलंय, तर ते माका परत दारात उभो करतीत?"

"तुका माझ्या दारात कित्याक उभो रवाचो आसा?"

रविराज कानापर्यंत लाल झाला. ग्रीसच्या फडक्याने त्याने कपाळ पुसलं आणि ते काळं करून घेतलं.

प्रियांकाला हसू येत होतं आणि रडूही. तिचा जीव त्याच्यावर जडला होता, हे आता तिने स्वतःपासून लपवण्यात अर्थ नव्हता. पण तिने आपल्या आईला, सुभद्राला, उभा जन्म लवूंच्या हो ला हो मिळवताना पाहिलं होतं. त्या घरात आणखी एक मान डोलावणारा आणून काय करायचं?

"आयतवारी सकाळी बाबा पेट्रोल भरतत," ती गाडीत बसत म्हणाली. "खरा सांगूचा असात तर ये. नाय तर येव नको... आणि मी पण येवची नाय."

रविवारी लवू अंगणात फनेल लावून बसले, तेव्हा फाटकाशी मोटारसायकल थांबली. प्रियांकाच्या हातातलं तांदूळ पाखडायचं सूप तसंच राहिलं.

"ये रे रवी!" लवू खुशीत म्हणाले. लेकीने त्याचं इतकं कौतुक केलं होतं की न भेटताच तो त्यांच्या ओळखीचा झाला होता, आणि पसंतही पडला होता. "गाडी कशी आसा?"

"काका..." रविराज म्हणाला. "पाऊस बरो पडलो यंदा."

"पडलो."

"सुरमई गावता?"

"गावता."

प्रियांकाने सूप जोरात आपटलं. रविराज दचकला. मग त्याने खिशातून एक पांढरा कागद काढला आणि पायरीवर पसरला. बाटलीतून पंपावरच्या पेट्रोलचा एक थेंब त्यावर सोडला. शेजारी लवूंच्या कॅनमधला एक.

"काका, वायच बघा."

तिघे वाकून बघत बसले. पहिला थेंब उडून गेला, कागद कोरा झाला. दुसऱ्याच्या जागी तेलाचा गोल डाग राहिला.

"ह्या होडयेक चलता," रविराजने डागाकडे बोट दाखवलं, आणि या वेळी तो थांबला नाही. "गाडयेक चलना नाय. डबो तेलान भरलो. काका, तुमचा चुकला."

लवूंचा चेहरा आधी लाल, मग जांभळा झाला. आणि ओसरीवरून सुभद्राकाकू एकदम खो-खो हसायला लागल्या.

"मी कवाधरना म्हणतंय! गाडयेक होडयेचो वास येता म्हणान! तर माकाच म्हणतत, तुझा नाक खराब!"

लवूंनी फनेल फेकलं आणि ते तरातरा किनाऱ्याकडे चालते झाले.

"गेला सगळा," रविराज पायरीवर बसला.

"काय गेला?"

"आज तुका मागूची हुती. रात्रभर घोकत हुतंय. आता तुझो बापूस माका..."

"मगे माग ना," प्रियांका म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही. "लगीन बापाशीक नाय, माका करूचा आसा."

"खराच?"

"मी रिपोर्ट खोटो देवक नाय कधी."

सुभद्राकाकूंना अचानक चुलीवरचं काहीतरी आठवलं, आणि त्या आत गेल्या.

तेवढ्यात लवू परत आले. हातात मोठा रिकामा कॅन. कुणाकडे न बघता ते गाडीखाली सरपटले. "बघत काय रवलंस? टाकी रिकामी कशी करतत, दाखय. होडयेक चालात ता. फुकट कित्याक घालवूचा?"

रविराज त्यांच्या शेजारी आडवा झाला. बूच सैल झालं, धार लागली. कॅन धरायला प्रियांका खाली बसली.

"डबो बदलूचो लागात?" लवूंनी विचारलं. आवाज अजून घुश्शातच होता.

"नाय काका. चांगला पेट्रोल भरून फोंडाघाट चढवून आणली तर आतला तेल जळान जायत. बहुतेक. जावक नाय, तर तसा सांगान."

"कोण नेतलो घाटार?"

"मी. आणि..."

"आणि?"

प्रियांकाने कॅन दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"प्रियांका," रविराज म्हणाला. "म्हणजे... फक्त घाटार नाय, काका. कायमचीच."

लवूंनी हातातलं टाकीचं बूच पुसलं. "माझ्या तोंडार माका चुकलंस म्हणणारो तू दुसरो," ते म्हणाले. "बाळाक सांजेक जेवक बोलवूक होया. आणि घाटार तशी दोघांका धाडूचंय नाय. पयली आयेक घेवन ये तुझ्या, मागणी घालूक."

प्रियांका आनंदाने अशी उसळली की कॅन कलंडला आणि तेलपेट्रोल भसकन दोघांच्या अंगावर गेलं.

"बघ गो नीट!" गाडीखालून दोघेही एकाच वेळी, एकाच सुरात तिच्यावर ओरडले.

आपल्या आयुष्यातल्या दोन्ही पुरुषांचा ओरडा एकदम खाऊन इतकं छान वाटेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिने कॅन सरळ केला आणि पुन्हा धारेखाली धरला.