ऐकलं ते असं…

"तो माणूस त्या घरात असेल, तर मी तिथे पाऊल ठेवणार नाही!"

शाळेतून दर रविवारी येणारा फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवलेला होता, आणि कॉल्बीचे शब्द इतके स्वच्छ आले की ऑरिनच्या हातातलं उलथणं हातातच राहिलं. तव्यावरचा पॅनकेक करपला, धूर झाला, तरी त्याला भान नव्हतं. दहा महिन्यांनी कॉल्बी घरी येणार म्हणून ज्याने त्याची खोली स्वतःच्या हाताने रंगवली, तोच 'तो माणूस'! मार्नीचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ऑरिनने मानेनेच 'नको' म्हटलं… आणि ती गप्प बसली. पलीकडून शाळेच्या समुपदेशक इंगर्सोलबाईंनी थोडा वेळ वाट पाहून फोन ठेवला.

कॉल्बी हा मार्नीला पहिल्या नवऱ्यापासून झालेला मुलगा. पोर सहा वर्षांचं असताना तो नवरा मासे धरायला जातो म्हणून गेला, तो गेलाच. नवव्या वर्षी मार्नीचा दुसरा नवरा म्हणून कॉल्बीच्या आयुष्यात ऑरिन आला. आयडाहोतल्या बटाट्याच्या शेतांवरचे पंप दुरुस्त करणारा, अबोल, तेलकट हातांचा हा गडी पोराला पाना धरायला शिकवता शिकवता त्याच्यावर असा काही जीव लावून बसला की सख्ख्याने लाजावं! पण चौदाव्या वर्षी कॉल्बीला नशेच्या गोळ्यांचं व्यसन लागलं. शाळेने काढलं, मार्नीच्या अंगठ्या नाहीशा झाल्या, आणि एका संध्याकाळी पोर न्हाणीघरात निळ्या ओठांनी पडलेलं सापडलं. वाचलं ते नशिबाने.

आठवड्याच्या आत मार्नीने मोंटानातली ती निवासी शाळा शोधून काढली. अशा वाट चुकलेल्या मुलांना दहा-बारा महिने ठेवून घेऊन शिकवतात, त्यांच्या मनावर उपचार करतात, असं तिने ऐकलं होतं.

"नको ना गं," ऑरिन काकुळतीला आला होता. "माझ्याबरोबर कामावर येऊ दे त्याला. मी सांभाळतो."

"तू सांभाळशील रे… आणि एक दिवस मी त्याला पुरीन!" मार्नी किंचाळली, आणि तिने त्याच्यासमोरच शाळेच्या कागदांवर सही केली.

खरं तर तिचंच बरोबर होतं. पण उजाडता उजाडता शाळेने पाठवलेले दोन धिप्पाड पुरुष कॉल्बीला गाडीत बसवायला लागले, तेव्हा मोजे घातलेल्या पायांनी थंडगार फरशीवर उभं राहून त्या पोराने जो टाहो फोडला…! "आई! यांना कोणी बोलावलं? तू? तू सही केलीस?" मार्नीची जीभ टाळ्याला चिकटली. तेव्हा ऑरिन पुढे झाला आणि म्हणाला, "मी केली. तुझी आई नकोच म्हणत होती." कॉल्बी त्याच्या अंगावर थुंकला. बापाने टाकलं होतंच. आता आईनेही टाकलं असं वाटलं तर हे लेकरू कोणाच्या आधाराने जगणार? आपण काय, परकेच! आपला तिरस्कार केला म्हणून त्याचं काही बिघडत नाही, असा त्या साध्या माणसाचा हिशेब होता.

त्या फोननंतर दोन दिवसांत ऑरिनने गावातल्या टायरच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली आणि कपडे खोक्यात भरले.

"माझ्या पापासाठी तू घर सोडणार?" मार्नीने त्याचा हात धरला.

"पोरगं घरी येतंय ना? मग झालं तर."

शाळेतला कुटुंबांचा मेळावा पंधरा दिवसांवर होता. आपण घर सोडतोय हे आपल्याच तोंडाने कॉल्बीला सांगायचं आणि मोकळं व्हायचं, असं ठरवून तो मार्नीबरोबर दहा तास गाडी हाकत डोंगरात पोहोचला.

घोड्यांच्या पागेशेजारच्या मोठ्या खोलीत आठ कुटुंबं गोल करून बसली होती. "मुलाला सुधारायला पाठवलं आणि गृहपाठ आम्हालाच!" स्पोकॅनहून आलेला एक गलेलठ्ठ बाप कुरकुरला, तशी सगळी हसली. खोटं नव्हतं ते. या शाळेत आईबापांनाही दर आठवड्याला धडे असत, आणि सगळ्यांत अवघड धडा मेळाव्यात असे. मुलाने स्वतः लिहिलेलं पत्र आईबापांना वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्याने मध्ये तोंड उघडायचं नाही. वाचून झालं की ऐकलेलं स्वतःच्या तोंडाने परत सांगायचं, एकही 'पण' न घालता. मुलगा 'हो, हेच' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही.

कॉल्बी आत आला. उंची वाढली होती, गालावर रंग होता, पहाटे घोड्यांचं चारा-पाणी करून तळहातांना घट्टे पडले होते. त्याने आईसाठी खुर्ची ओढली, ऑरिनच्या समोर बसला आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघून कागद उघडला.

"ऑरिन, माझ्या खोलीतल्या डेस्मंडची अक्कलदाढ काढायची होती. त्याचा सावत्र बाप इथून तासाभरावर राहतो. तो धावत आला, पण त्याची सही चालेना. कायद्याने दत्तक घेतलं नसेल तर चालतच नाही म्हणे. आईला फीनिक्सहून यावं लागलं. तोवर डेस्मंड गाल धरून रडत होता आणि मी बाजूला बसून थरथरत होतो. कारण तूसुद्धा मला दत्तक घेतलेलं नाहीस. तुझ्या सहीला इथे कवडीची किंमत नाही."

मार्नीच्या तोंडून अस्फुट हुंदका निघाला. दहा महिने उराशी जपलेलं खोटं एका दाढेने उघडं पाडलं होतं.

"म्हणून फोनवर मी मुद्दाम तसं बोललो. म्हटलं, आता तरी कोणी खरं बोलेल. दोघंही गप्प बसलात. त्या रात्री मला इतका धक्का बसला की इंगर्सोलबाई माझ्याजवळ बसून राहिल्या. आई, तू पाठवलंस याचा राग नाही मला. नसतं पाठवलंस तर मी मेलो असतो. पण तू याला माझ्या शिव्या खाऊ दिल्यास! आणि ऑरिन, मी दहा महिने चुकीच्या माणसाचा द्वेष केला. ते तू मला करू दिलंस."

कागद त्याने मांडीवर ठेवला.

"ऑरिन, काय ऐकलंत?" इंगर्सोलबाईंनी हळूच विचारलं.

"मी ऐकलं ते असं…" ऑरिन म्हणाला. "की सही माझी नव्हती. की… मी तुझ्याशी खोटं बोललो. पण ते…"

"पण नाही," कॉल्बी म्हणाला.

"मी खोटं बोललो. आणि ज्याने काही केलं नव्हतं, त्याचा तुला द्वेष करायला लावला."

"हो. हेच."

मार्नी खुर्चीवरून उठली आणि मुलाच्या पायाशी कोसळली. "सही माझी होती रे बाळा! तुझ्या नजरेतून उतरेन या भीतीने मी बोलले नाही… आणि हा आता घर सोडून निघालाय! खोली घेतलीय त्याने, तू घरी यावंस म्हणून!"

कॉल्बीचा चेहरा खर्रकन उतरला. हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने ऑरिनकडे असं पाहिलं की जणू कोणी थोबाडीत मारली आहे. "वेडा आहेस का तू?" तो ओरडला. "मी मुद्दाम एक वाक्य बोललो, आणि तू कपडे भरलेस?"

"तू नको म्हणालास…"

"मग भांडायचं होतं माझ्याशी! घर कसलं सोडतोस?" त्याने आईला उठवून बसवलं, बाहीने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली, इतकी की दोघांचे गुडघे टेकले. "आता तू बोल. एकदाही खरं बोलला नाहीस तू. मी ऐकतो."

ऑरिनने जन्मात कधी माणसांपुढे मन उघडं केलं नव्हतं. मोठमोठे तळवे एकमेकांवर घासले गेले, आणि मग बांध फुटला.

"तुला पाठवायचं नव्हतं मला. तुझी आई बरोबर होती आणि मी चूक होतो, तरी नव्हतं पाठवायचं. गाडी गेल्यावर मी पंपाच्या खोलीत जाऊन गुरासारखा रडलो. लोक म्हणायचे, दुसऱ्याचं पोर, कशाला डोक्याला ताप… मला कधी ताप वाटलाच नाही रे. तू मला हवा होतास. चोऱ्या करायचास तेव्हाही हवा होतास. थुंकलास तेव्हाही."

इंगर्सोलबाईंनी काही विचारलं नाही. कॉल्बीला नियम पाठ होता. बापाच्या नावाने ज्याने आजवर फक्त पाठमोरा माणूस पाहिला होता, त्या पोराला ते शब्द स्वतःच्या तोंडातून काढायला फार कष्ट पडले.

"मी ऐकलं ते असं…" तो म्हणाला, आणि ऑरिनचे तेलकट हात त्याने घट्ट धरले. "की मी… हवा होतो."

"हो," ऑरिन म्हणाला. "हेच."