पहाटे रुसणारी जीप

"आकाराम, गड्या, कुंडलात तुजं नाव चव्हाट्यावर आलंय!" एसटीतून उतरून थेट त्याच्या सांगलीच्या गॅरेजात आलेला कुंडल गावचा केरबा म्हणाला. "हंबीरराव चारचौघांत म्हनाला, जुन्या रिंगा घालून नव्या सांगितल्या. चोर म्हनाला तुला."

आकारामच्या हातातला पाना हातातच राहिला. हंबीरराव आणि तो एकाच पलटणीतले ड्रायव्हर, एका ताटात जेवलेले. हंबीररावने लष्कराच्या लिलावात घेतलेल्या जीपचं इंजिन त्याने नुकतंच स्वतः खोलून बांधलं होतं. हंबीररावचा धाकटा भाऊ कृष्णात तेव्हा मदतीला गॅरेजातच मुक्कामाला होता. त्याच्या डोळ्यांदेखत पिस्टनवर नव्या रिंगा बसल्या होत्या. आणि आता चोर? परक्याने म्हटलं असतं तर आकाराम हसला असता. हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. संध्याकाळच्या गाडीने त्याने कुंडल गाठलं.

हंबीररावने 'ये' सुद्धा म्हटलं नाही.

"रोज पहाटं दुधाचं कॅन भरून बसतो, आनि ही बया उठत न्हाई. उद्या उशीर झाला तर दूधसंघ दुसरी गाडी लावनार."

"मग सुरू कवा हुती?"

"स्टार्टर मारून मारून हात दुखलं की. येकदा उठली की दिवसभर कुठंबी झटक्यात चालू."

"म्हंजी फकस्त पहाटं रुसती."

"जुन्या रिंगा थंडीत दाब धरत न्हाईत," कृष्णात मधेच बोलला.

आकारामने पुढून हँडल घालून फिरवलं. इंजिनाने ते असं दाबून धरलं की त्याचं मनगट कळवळलं. जुन्या रिंगांच्या अंगात एवढा जोर नसतो. तो आत बसला. स्टार्टर मारला तर जीप पहिल्याच झटक्यात धडधडली.

ती बंद करून हंबीररावने बॉनेट उघडलं आणि रोटर काढला. प्लगांना करंट वाटून देणारा हा काळा, बोटभर तुकडा, वर पितळेची पट्टी. तो नसला की गाडी कुणाला पळवता येत नाही, ही पलटणीतली सवय. तिथे तो खिशात असे, इथे घरच्या देव्हाऱ्यात.

पहाटे हंबीररावने रोटर आणून बसवला. स्टार्टर मारला. नुसती घरघर.

"बघ की आता!"

आकारामने प्लग काढला. पेट्रोलने ओला. करंट तयार करणाऱ्या कॉइलची वायर लोखंडाजवळ धरली. निळी ठिणगी टचकन उडाली. प्लगच्या वायरीला मात्र ती मरतुकडी.

करंट निघत होता, पोचत नव्हता. मधे खात कोण होतं? रात्रभर सगळी जीप अंगणात उभी होती, आकाराम तिच्याशेजारीच झोपला होता. घरात गेला होता तो फक्त रोटर.

त्याने रोटर काढून त्यावर बोट फिरवलं. काळ्यावर काळं दिसत नव्हतं, पण बोट माखलं. वास घेतला. तुपाचा!

"वहिनी, देवापाशी ह्याला काय लावता?"

हंबीररावची बायको राहीबाई दारातून म्हणाली, "तीट, भावजी. काजळाची. लोकांची नजर लय वाईट. रोज पहाटं दिवा लावला की लावते."

"ठिपका लावता?"

"न्हाई, रेघ वढते. पितळंपासनं खालच्या भोकापत्तुर."

"आनि लेकराला?"

"लेकराला ठिपकाच की."

"मग हिला रेघ का?"

"कृष्णातभावजी म्हनलं, गाडीची तीट अशीच आसती."

सगळ्यांच्या माना वळल्या. कृष्णात कॅनच्या झाकणाशी चाळा करत होता.

"ऐक, हंबीर," आकाराम म्हणाला. "काजळातनं करंट वाहतो. प्लगाकडं जायचं सोडून त्यो ह्या रेघंवरनं खालच्या लोखंडात उतरतो. स्टार्टर मारून मारून रेघ जळली की गाडी पळती, म्हनून दिवसा दोष घावत न्हाई. तीट लावनारी बाई ठिपका लावंल. कुठनं कुठपत्तुर रेघ वढायची, ह्ये इंजिन कळनाराच सांगनार. ह्याला मीच शिकवलं. रोटर हातात दिऊन सांगितलं हुतं, ह्याच्यावर काजळी धरू दिऊ नगंस." पोटच्या पोरासारखं शिकवलं होतं त्याने.

"व्हय, मीच केलं! जुन्या रिंगांचं खोटंबी मीच सांगितलं!" कृष्णात उसळला. "तू पलटणीत हुतास तवर रान मी कसलं, दादा. तू आलास, जीप घेतलीस, आनि मला कॅन उचलाय ठेवलंस. येकदा तरी स्टेअरिंग दिलंस? दुधाचं काम पलूसच्या टेंपोवाल्याला मिळालं की त्यो मला डायवर ठेवनार हुता."

राहीबाई काजळाची बोटं पदराला पुसत राहिली. "माज्या हातानं करवलंसा, भावजी," एवढंच ती म्हणाली.

आकारामने रोटर पुसून बसवला. जीप झटक्यात सुरू झाली. हंबीररावने मान खाली घालून कॅन चढवले.

"चुकलं, गड्या. बस, सांगलीला सोडतो."

"वहिनीला इंजिन कळत न्हाई, तिनं दिराचं ऐकलं," आकाराम म्हणाला. "तुला कळतंय. येकदा हँडल मारून बघितलं आसतंस, तर रिंगा नव्या हायत ह्ये तवाच समजलं आसतं. मला चोर म्हनायच्या आदी तेवढंबी करावंसं वाटलं न्हाई?"

आकाराम पिशवी उचलून एसटीच्या वाटेला लागला. थोड्या वेळाने मागून जीप आली आणि हॉर्न वाजला. तो रस्त्याच्या कडेला झाला आणि त्याने तिला पुढे जाऊ दिलं.