ओला कागद

“ज्या हातानं तो कागद नेऊन दिला, तो हात झडून जावो!” ओनोरा किन्सेला दारातूनच म्हणाली आणि बाकावर बसून रडू लागली.

लेम्युएल पेलचा वस्तरा ओबडाया रस्कच्या गालावर थांबला. पेल न्हावी होता, आणि मित्राच्या तपासात नाक खुपसणं हा त्याचा जोडधंदा. रस्क लोकांची कोडी सोडवून पोट भरायचा.

“कसला कागद, बाई?”

फिलाडेल्फियात तो पिवळ्या तापाचा उन्हाळा होता आणि नव्या कायद्यांचाही. सरकारविरुद्ध वाईटसाईट छापलं की दोन वर्षं तुरुंग. परदेशी माणसाला तर खटलाही नाही. अध्यक्षांची एक सही झाली की त्याची रवानगी जहाजावर.

ओनोराचा नवरा मॅलाकी छापखाना चालवायचा. जन्मानं आयरिश, पण इथला नागरिक झालेला. रविवारी सकाळी, ‘अध्यक्षांना राजा व्हायचंय’ असं छापलेला कागद कुणीतरी मार्शलच्या, म्हणजे न्यायालयाच्या अंमलदाराच्या, कचेरीत दाराखालून सरकवला होता, कोपऱ्यात कोळशानं मॅलाकीचं नाव खरडून. दुपारी त्याला धरून नेलं.

“मी आणि मॅलाकी देवळात होतो, साहेब. हे काम त्या फ्रेंच भाडेकरूचं, ल्युसियाँचं! माझं खाऊन माझंच घर फोडलं मेल्यानं. भर रस्त्यात थुंकले मी त्याच्यावर. हाकलून दिला.”

“घरी कोण होतं?”

“माझा धाकटा भाऊ कोल्म, झोपलेला. आयर्लंडात वेक्सफर्डच्या बंडातून जीव वाचवून आलाय तो. नशीब त्याचं, मॅलाकीनं त्याला त्याच दिवशी लँकेस्टरला कामाला धाडलं.” तिनं डोळे पुसले. “तुरुंगात ताप शिरलाय. नवऱ्याचं उजवं मनगट मोडलंय, फळ्यांत बांधलंय. घरी पावसुद्धा मी कापून द्यायचे. तिथं कोण देणार?”

पेलला भडभडून आलं. त्यानं साबणाचा हात उगाचच पंच्याला पुसला.

मार्शलचा माणूस क्रेल खुशीत होता. “सगळं कबूल केलंय त्यानं. म्हणतो, लिहिलं मीच, अक्षरांचे खिळे जुळवले मीच, छापयंत्राचा दांडा ओढला मीच, एकट्यानं. मग आता झडती कशाला घ्यायची? या उन्हात वणवण कोण करतो?”

“कागद कधी मिळाला?”

“प्रार्थना सुटायच्या आधी. ओलसर होता, माझी बोटं काळी झाली. नंतर बाजाराच्या खांबांवरही असेच काही सापडले.”

ल्युसियाँ बंदराच्या धक्क्यावर गाठोड्यावर बसला होता.

“मी देवळाच्या वरच्या सज्ज्यात गात होतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पाद्र्यांना विचारा.”

“वरून काय दिसलं?” रस्कनं विचारलं.

“पुरुषांच्या बाकांवरची टकलं! मॅलाकीचं टक्कल मधेच उठून गेलं आणि बऱ्याच वेळानं घामानं निथळत परत आलं.”

“मग पळतोस कशाला? तू निर्दोष आहेस,” पेल म्हणाला.

“परदेशी माणसाला निर्दोष असून काय उपयोग? विचारतं कोण?” ल्युसियाँ हसला. “बाईंना सांगा, त्यांच्या हातच्या सूपची आठवण येईल.”

संध्याकाळी रस्कनं ओनोराला छापखान्यातच बसवलं. पेलचा उजवा हात त्यानं पंच्यानं गळ्यात बांधला.

“आता ओढ तो दांडा.”

पेलनं डाव्या हातानं जोर लावला, पाय टेकवले, दात खाल्ले. दांडा अर्ध्यावरच अडला.

“म्हणजे मॅलाकीची कबुली खोटी,” रस्क म्हणाला. “छापलं दुसऱ्या कुणीतरी. बाई, सोमवारच्या कामाचा कागद तुम्ही कधी भिजवता?”

“शनिवारी. भिजवून दाबून ठेवतो. कोरड्यावर शाई नीट धरत नाही.”

“आणि छापून टांगला की?”

“या उन्हात? लगेच कडक होतो.”

“क्रेलच्या हाती मात्र ओला आला. म्हणजे छपाई प्रार्थनेच्या वेळीच झाली, आणि कागद वाळायच्या आत कुणीतरी इथून उचलून नेला. त्या वेळी घरी होता एकटा कोल्म.”

“कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!” पेल ओरडला. “भावानंच घात केला!”

“घाई नको, पेल. कोल्मनं छापलं आणि खांबांवर लावलं, एवढंच. मार्शलच्या दारात तो कशाला जाईल? धरला गेला तर त्याला खटला नाही. आयर्लंडचं जहाज, आणि उतरताच गळ्यात फास.” रस्कचा आवाज खाली गेला. “बाई, ल्युसियाँनं वरून पाहिलं, तुमच्या घरचा एक माणूस देवळातून मधेच उठून गेला होता. त्याला कोल्मचा संशय आला असेल; घरी येऊन पाहिलं, तर कोल्म काही कागद खांबांवर लावूनही आला होता. आता झडती होणार, नवा आलेला परदेशी सापडणार. त्यानं कोल्मला वाटेला लावलं, कागदावर स्वतःचं नाव लिहिलं आणि नेऊन दिला. चोर मिळाला की शोध थांबतो.”

ओनोरानं दांड्यावर हात ठेवला. “म्हणजे मॅलाकीनंच. माझ्या भावासाठी.” ती ताडकन उठली. “चला, सांगू मार्शलला! आजच सुटेल तो—” आणि तिथंच थांबली. एकीकडे नवरा, दुसरीकडे भाऊ. सांगितलं तर फास, न सांगितलं तर ताप.

“मी कुणाला काही बोलणार नाही. ठरवायचं तुम्ही,” रस्क म्हणाला.

“ठरवलंय त्यानं,” ती म्हणाली. “मी कोण मोडणारी?”

ती रोज पाव कापून, तुकडे फडक्यात बांधून तुरुंगाच्या दारात न्यायची. पेलही सोबत जायचा. एका सकाळी पहारेकऱ्यानं फडकं घेतलंच नाही, नुसती मान हलवली. मॅलाकीला तापानं नेलं होतं; ओनोरानं फडक्याची गाठ पुन्हा आवळली.

बातमी ऐकून कोल्म धावत आला, तेव्हा मातीसुद्धा वाळली होती. तो थडग्यापाशी गुडघ्यांवर कोसळला.

“माझ्या कागदापायी गेला गं तो! पण नेऊन दिला कुणी, ओनोरा? शोधून काढीन त्याला! त्याचा हात झडून—”

ओनोरानं झटकन त्याच्या तोंडावर तळवा ठेवला.

“त्या हाताला काही बोलू नकोस,” ती म्हणाली. “तो आधीच मोडलेला होता रे.”

कोल्मला काही कळलं नाही. बाजूला उभ्या पेलनं तोंड फिरवलं, आणि रस्कनं टोपी काढली.