गार्गीचं खोडलेलं मरण

बसा. मोबाइल उलटे ठेवा, आणि मध्येच इथल्या लोकांसारखं 'लाह लाह' करू नका. इथल्याच हौगांग वस्तीतल्या शामकांतची गोष्ट आहे. तीस वर्षं जहाजाच्या इंजिनात घासलेला माणूस. थापा मारणाऱ्यांतला नव्हे.

गेल्या वर्षी मंडळाने गणपतीत दीडशे वर्षांपूर्वीचं नाटक घ्यायचं ठरवलं. लिहिणारा शोकांतिकाच लिहायचा. त्याची स्वतःची पोर विषाने गेली, तेच त्याने पाचव्या अंकात मांडलं. संस्थानिक म्हणाला, पोरगी जगव, जहागीर देतो. हा उपाशी मेला, पण शेवट बदलला नाही.

शामकांत प्रॉम्प्टर. नायिका त्याचीच लेक, गार्गी. बापाचं काळीज ते. "सणासुदीला माझ्या पोरीचं प्रेत स्टेजवर नको," म्हणाला, आणि वहीतलं शेवटचं पान खोडून पोरगी जगवली. गार्गीने ते पान वाचलंसुद्धा नव्हतं. मंडळ खूश. रडारड टळली ना.

शुक्रवार, पिठोरी अमावास्या, रात्रीचे पावणेदहा. तालीम आटोपून गार्गी केव्हाच एमआरटी मेट्रोने चोआ चू कांगला, तिच्या घरी, गेलेली. शामकांत वही विसरला म्हणून ब्लॉकखालच्या तालमीच्या हॉलकडे परतला. कुलूप काढलं.

आत कोणीतरी प्रॉम्प्टिंग करत होतं.

दबक्या आवाजात. अंधारात. खोडलेलीच वाक्यं.

तेवढ्यात फोन वाजला. गार्गीचा.

"पोचलीस का गं?"

आतला आवाज सांगेल ते वाक्य ती बोलली. शब्दाला शब्द.

"गार्गी, चेष्टा पुरे."

"बाबा... मी नाही बोलत... घसा..."

पुढचं वाक्य. आवाज घोगरा. मग नुसती घरघर.

शामकांत आत घुसला. दिवा लागेना. मोबाइलच्या उजेडात वही सापडली. गुडघेच टेकले त्याने.

"चुकलो. तुमची पोर नाटकात मरू दे. माझी सोडा."

आणि ते मरणाचं पान मोठ्याने वाचलं. शेवटच्या शब्दापर्यंत.

आतला आवाज थांबला.

फोनवर काही नाही...

काही नाही...

मग खोकला. "बाबा? गळ्यावरचा हात काढला... कोणीतरी."

दिवे लागले. हॉलमध्ये चिटपाखरू नाही. खुर्च्या भिंतीशी रचलेल्या. एकच उलगडलेली, स्टेजसमोर. लोखंडी. एसीने हॉल गारठलेला.

शामकांतने तिच्यावर हात ठेवला.

बैठक ऊबदार होती.

सकाळीही होती.