तेल येतं कुठून

सोमवारी सकाळी साडेनऊला मांडवी बंदराच्या चढावर डॉक्टरांची मोटारसायकल बंद पडली. साल १९३४, मार्गशीर्ष महिना. तीन दिवस गळणाऱ्या इंजिनाखाली तेलाचा काळा डाग पसरत होता आणि डॉक्टरांचा मिस्त्री खंडू उकिडवा बसून खालचे बोल्ट आवळत होता.

मासळीची टोपली घेऊन येणारी गुणवंती त्याच्यापाशी थांबली. एरवी ती थांबत नसे.

"बापूस सकाळच्या मोटारीनं चिपळूणला गेलाय," ती म्हणाली. "दिवेलागणीला तिथं सुपारी फुटायची... माझी."

खंडूच्या हातातला पाना निसटला. "कोणाशी?"

"गलबतवाल्याच्या पोराशी. तुला काय करायचंय?"

"मी जातो. सुपारी फुटायच्या आधी बापसाला विचारतो."

"दोन महिने टोपलीत डोकावतोस, तेव्हा जीभ नव्हती काय रे?"

"टोपलीत कुठं बघत होतो मी..."

गुणवंतीने पदर सावरला. उगाचच.

चिपळूणची पुढची मोटार उद्या सकाळी होती. खंडू दवाखान्यात धावला आणि गाडी न्यायची परवानगी घेऊन आला. पण तेल असं गळत राहिलं तर घाटात इंजिन जाम होणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याने खालचे बोल्ट पुन्हा आवळले, गाडी सुरू केली. तेल टपटपलंच. साडेदहा वाजले होते.

"तू नुस्ता खालीच बघतोस," गुणवंती म्हणाली. "होडीत पाणी पुढून शिरतं नि मागं साठतं. साठतं तिथं भोक शोधून काय मिळणार?"

"ही होडी न्हवे गो."

"गळते तर होडीसारखीच."

ती घरून शिंपल्यांचा कोरडा चुना घेऊन आली. खंडूने इंजिन रॉकेलने धुऊन लख्ख पुसलं. तिने फडक्यातून चुना भुरभुरवला. काळं इंजिन वरपासून खालपर्यंत पांढरं झालं. खंडूने किक मारली. दोघं वाकून बघत राहिली. त्याच्या बाहीला तेलाचा आणि धुराचा वास होता... ती सरकली नाही.

चुन्यावर एक ओली रेघ उमटली. अगदी वर, झाकणाच्या जोडापाशी. तिथून इंजिनावरच्या पातळ लोखंडी पंखांमधून मागे वळत ती खाली आली.

"तीन दिवस मी तळाशी भांडतोय," खंडू म्हणाला.

झाकणाखालचा, तेल अडवणारा कागद फाटलेला निघाला. खंडूने जाड पुठ्ठा त्याच आकारात कातरला. गुणवंतीने होडीच्या फटीत भरायची राळ तेलात कढवून आणली.

"उन्हात धरते ही राळ," ती म्हणाली. "इंजिनाच्या आचेत... माहीत नाय."

"वाटेत थांबून बघत जाईन." त्याने झाकण आवळलं, मग मान वर न करताच विचारलं, "बापूस म्हणाला, पोरीला विचारलंस काय, तर काय सांगू?"

गुणवंतीने त्याच्या गालावरचा चुना बोटाने पुसला.

"सांग, तिनंच धाडलंय."

साडेबाराला तो निघाला. गाडी वळणाआड गेल्यावर ती रस्त्यावर वाकली. माती कोरडी होती. पण इंजिन अजून तापलं कुठं होतं?

दुपारभर तिने मासळी विकली, मोड देताना तीनदा चुकली. सहाला चिपळूणची मोटार आली. ड्रायव्हर भागोजी उतरताच तिने गाठलं.

"खंडू भेटला काय वो काका?"

"भेटला की. तीनच्या सुमारास, संगमेश्वराच्या अलीकडं. चालला होता जोरात."

"तेल गळत होतं?"

"धूळ केवढी होती गो. ते काय दिसलं नाय."

बंदरावर दिवे लागत होते. चिपळुणातही लागत असतील.